पू झाथांगांचा ढोल

रविवारी चर्चमध्ये पाळकांनी सांगितलं, "स्वतःतल्या 'मी'ला रोज मारा. ज्याचा अभिमान वाटतो तिथूनच सुरुवात करा." पू झाथांगांना (त्यांच्या डोंगरावरच्या गावात वडीलधाऱ्या पुरुषाला मानानं 'पू' म्हणत आणि बाईला 'पी') उपदेश फार आवडला. घरी येऊन चुलीपाशी बसत त्यांनी बायकोला, पी रुआतीला, विचारलं, "माझ्यात मारण्यासारखं काय आहे गं?"

"ढोल," ती भात वाढता वाढता म्हणाली.

झाथांगांनी हातातला घास ताटात ठेवला. तीस वर्षं ते गावच्या चर्चमध्ये ढोल वाजवत होते. त्यांचं टिपरू ढोलावर पडल्याशिवाय त्या डोंगरावर एक भजन सुरू झालं नव्हतं. पण प्रश्न त्यांनीच विचारला होता. संध्याकाळी जड पावलांनी ते चर्चमधल्याच ह्रांगकीमाकडे गेले आणि टिपरू त्याच्या हातात ठेवलं. ह्रांगकीमा वीस वर्षं या टिपरूवर डोळा ठेवून होता. त्याचे डोळेच भरून आले. त्याला ऐकू जरा कमी येई, एवढं सोडलं तर माणूस सोन्यासारखा.

पुढच्या रविवारी ह्रांगकीमाचा प्रत्येक ठोका थोडा उशिरा पडू लागला. झाथांगा डोळे मिटून सोसत होते, पण त्यांची बोटं बाकावर बरोबर ताल धरून बसली. शेजारचे पुरुष सवयीनं त्या बोटांमागे गेले, पलीकडच्या बायका ढोलामागे. भजन नदीपार स्वर्गात जाण्याचं होतं. पुरुष स्वर्गात पोहोचून खाली बसले, तेव्हा बायका अजून नदीतच होत्या.

"मावीचे बाबा, तुमची बोटं अजून जिवंत आहेत," नेहमीसारखी लेकीच्या नावानं हाक मारत रुआतीनं घरी सुनावलं.

त्याच्या पुढच्या रविवारी झाथांगा स्वतःच्या हातांवर बसले. मग टाच चालू झाली. चर्चची जमीन लाकडी, त्यामुळे या वेळी बायकाही टाचेमागे गेल्या. ढोल बिचारा एकटाच मागून येत राहिला.

प्रार्थना संपल्यावर ह्रांगकीमा खालमानेनं पुढे आला. "हे घे तुझं टिपरू. हौस होती, पण मला नाही जमत. माझ्यामुळे सगळ्यांचं गाणं बिघडतंय."

झाथांगांचा हात आपोआप पुढे झाला. एवढ्या दिवसांत त्यांना इतकं बरं वाटलं नव्हतं. मग त्यांनी ह्रांगकीमाचा चेहरा पाहिला आणि स्वतःचीच लाज वाटली. हात तसाच मागे घेणं बरं दिसेना, म्हणून त्यांनी टिपरूसकट त्याची मूठ मिटली. "गाणं मी बिघडवलं. ठेव तुझ्याकडे."

त्यानंतरच्या रविवारी बूट दाराशी काढून झाथांगा ढोलाला खेटून बसले, आणि मन घट्ट करून ह्रांगकीमाच्या तालावर, म्हणजे उशिरा, गाऊ लागले. त्यांच्यामागे पुरुष, पुरुषांमागे बायका. सगळं चर्च एकसारखं उशिरा, पण एकत्र स्वर्गात पोहोचलं.

त्या दिवशी शेजारच्या गावचे पाहुणे आले होते. "काय संथ, गोड गाता तुम्ही! ढोलावर कोण होतं?"

"ह्रांगकीमा," झाथांगाच सगळ्यांत आधी बोलले. त्यांचं त्यांनाच नवल वाटलं.

घरी रुआतीनं कोरा चहा आणि गुळाचा खडा पुढे ठेवला. झाथांगांनी समाधानानं पाय पसरले.

"आज मेलो ना गं मी?"

"मेलेला माणूस विचारायला येत नाही," ती म्हणाली. "चहा घ्या. उद्या सकाळी पुन्हा मरून बघा."