मनवरबाबूंची धार

गोविंदा मनवर पंचायत समितीतून रिटायर झाले त्याला चार महिने झाले होते. पण बोरी अरबमध्ये अजूनही सगळे त्यांना मनवरबाबूच म्हणत. छत्तीस वर्षांच्या नोकरीत त्यांनी हाताळलेली सर्वांत धारदार वस्तू म्हणजे टाचणी. (ती बोटात गेली तेव्हाही त्यांनी अर्ध्या दिवसाची रजा टाकली होती.) अशा माणसानं सुऱ्यांना धार लावायचं मनावर घेतलं, त्याला कारणही तसंच होतं.

रिटायर झाल्यापासून रोज सकाळी ते स्वयंपाकघरात बायकोच्या, सत्यशीलाबाईंच्या, शेजारी पाट टाकून बसत आणि कांदे कापून देत. एका सकाळी सत्यशीलाबाई कोहळं कापत होत्या. सुरी अर्ध्यात अडकली. त्यांनी जोर लावून पाहिला, मग सुरी तशीच सोडून उजवं मनगट डाव्या हातानं दाबून धरलं. तीस वर्षं गल्लीभरच्या बायांचे ब्लाऊज शिवून ते मनगट दुखरं झालं होतं. ते पाहून मनवरबाबूंना लागलं.

त्यांनी मोबाइल काढला. आठ दिवसांत घरी खोकं आलं.

"काय मागवलं जी?" सत्यशीलाबाईंनी विचारलं.

"डायमंड," मनवरबाबू म्हणाले.

लग्नाला चौतीस वर्षं झाली होती. सत्यशीलाबाई पदराला हात पुसत लगबगीनं आल्या. खोक्यातून एक करडी पत्र्यासारखी पट्टी निघाली आणि तिच्यामागून साबणाच्या वडीएवढा एक पांढरा दगड.

"हिऱ्याची पूड आहे ह्या पट्टीवर. सुरीले धार लावाले. अन् हा सिरॅमिकचा दगड, मागून पॉलिश कराले."

"हो काय," म्हणून त्या भाकरी थापायला परत गेल्या.

मोबाइलवरच्या व्हिडिओतल्या दाढीवाल्यानं सांगितलं होतं, सुरी दगडावर वीस अंशांत धरायची. मनवरबाबूंनी लेकीची, पायलची, जुनी कंपासपेटी शोधून कोनमापक काढला. पट्टीवर पाणी शिंपडलं आणि दोन तास घासलं. शेवटी सुरी अशी झाली, की टमाट्यावर नुसती टेकवली तरी टमाटा मुकाट्यानं दोन भाग होई. दुसऱ्या दिवशी त्यांनी कांदा कापला तो कागदासारखा. सत्यशीलाबाई सारख्या त्यांच्या हाताकडे बघत होत्या आणि "हळू, हळू" म्हणत होत्या. (मनवरबाबूंनी ते कौतुक समजून वेग वाढवला.)

तिसऱ्या दिवशी सुरी बोथट! पुन्हा घासली. चौथ्या दिवशी पुन्हा बोथट. आठवडाभर हेच. मनवरबाबू रोज धार लावत आणि सकाळी त्याच सुरीखाली कांदा नुसता घसरत पळे. शेवटी त्यांनी कंपनीला फोन लावला. पलीकडची मुलगी फार गोड बोलली.

"सर, आपण कोन कोणता धरला होता?"

"कोणाले कायले धरू बाई? एकटाच बसलो होतो."

"तसं नाही सर. कोन! कोन!"

"मी मनवर बोलून राह्यलो! तुमी कोन?"

फोन कट झाला.

त्या दुपारी मनवरबाबूंना झोप आली नाही. चूक कुठं होतेय याचा विचार करत ते पडले होते, तेवढ्यात मागच्या अंगणातून आवाज आला. खर्र... खर्र... ते उठून दाराशी गेले. धुण्याच्या दगडाजवळ सत्यशीलाबाई उकिडव्या बसल्या होत्या. हातात तीच सुरी होती आणि तिची धार खाली करून त्या दगडावर सरळ घासत होत्या.

"अवं, हे काय करून राह्यली?"

सत्यशीलाबाई दचकल्या. सुरी पदराखाली घालायचा त्यांनी प्रयत्न केला, पण उशीर झाला होता.

"काहून?" मनवरबाबूंचा आवाज चढला. "आठ दिवस झाले, मी मरमर घासतो अन् तू धार मोडून राह्यली!"

"तुमचा हात कापते म्हणून."

"कुठी कापला?" त्यांनी दोन्ही हात पुढं केले. "एक ओरखडा दाखव!"

"कापला नाही जी. कापते."

पुढं केलेल्या हातांकडे मनवरबाबूंनी स्वतःच पाहिलं. उजवा हात थरथरत होता, थोडासाच. त्यांनी तो पटकन मागं घेतला. मग ते धुण्याच्या दगडाच्या कडेला हळूच बसले.

"तुले कधीपासून माहीत आहे?"

"उन्हाळ्यापासून. तुमची कपबशी वाजते. तुमी चहा दोन हातानं धरता."

"मले वाटलं तुले समजलं नाही."

"मले वाटलं तुमाले समजलं नाही."

शेजारच्या रामीबाईची कोंबडी कुंपणातून आत आली, त्यांच्याकडे बघून परत गेली.

"मंग सांगतलं काहून नाही?" मनवरबाबूंनी विचारलं.

"सांगतलं असतं तर तुमी कांदे कापणं सोडलं असतं," सत्यशीलाबाई सुरीकडे बघत म्हणाल्या. "मंग सकाळी माह्या बाजूले कायले बसले असते? जन्मभर सकाळी तुमी बसच्या मागं पळाले. आता कुठी जरा बसून राह्यले."

मनवरबाबू जवळ सरकले. त्यांनी बायकोचं मनगट हातात घेतलं. ते सुजलेलं होतं.

"अन् ह्याचं काय? बोथट सुरीनं हे दुखते. मी ह्याच्यासाठी तर सारं मागवलं."

"ह्याच्यासाठी?" सत्यशीलाबाई म्हणाल्या. "मले वाटलं तुमाले काम नाही म्हणून."

मनवरबाबूंनी उठून पट्टी आणि दगड आणला. बायकोसमोर बसून सुरी घासू लागले. दोन्ही हात सुरीवर दाबून धरले, की हात जरासुद्धा हलत नव्हता, हे सत्यशीलाबाईंनीच आधी पाहिलं. तिथंच ठरलं: धार मनवरबाबूंनी लावायची, कापायचं सत्यशीलाबाईंनी आणि मनवरबाबूंनी शेजारी बसून लसूण सोलायचा. वर एक अट सत्यशीलाबाईंनी घातली. डॉक्टरला हात दाखवायचा.

सोमवारी दोघं एसटीनं यवतमाळला गेले. डॉक्टर म्हणाले, घाबरण्यासारखं काही नाही, वयानं होतं. एक गोळी लिहून देतो, हाताला काम देत राहा. सत्यशीलाबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं आणि ते त्यांनी बसमध्ये बसेपर्यंत पुसलं नाही.

घरी पोचतात तो रामीबाई दारातच उभी, भाजी चिरायची पावशी घेऊन. "भाऊ, माह्या पावशीले धार लावून द्या ना." मनवरबाबूंनी चहासुद्धा न घेता बैठक मारली. आधी डायमंड, मग तीन हजार नंबरचा सिरॅमिक. व्हिडिओतला दाढीवाला शेवटी कागद कापून दाखवायचा. म्हणून समोर टाकलेल्या प्रवासाच्या पिशवीतला एक कागद त्यांनी दोन्ही हातांत ताणून पावशीच्या पात्यावरून ओढला. सळसळ सात पट्ट्या! रामीबाईनं टाळ्या वाजवल्या.

सत्यशीलाबाई चहा घेऊन बाहेर आल्या आणि जागीच थांबल्या.

"अजी, ते डॉक्टरची चिठ्ठी होती."

संध्याकाळी दोघं चिठ्ठी घेऊन गेले, तेव्हा मेडिकलवाल्या इंद्रजितनं काउंटरवर सातही पट्ट्या मांडल्या. वर-खाली केल्या, चष्मा लावून पाहिल्या. "कापलं मात्र झकास आहे काका," तो म्हणाला. "एकही पट्टी वाकडी नाही. काय आहे हे?"

चौतीस वर्षांच्या संसारात आपल्या हातच्या कामाचं असं कौतुक मनवरबाबूंनी कधी ऐकलं नव्हतं. त्यांची छाती फुगली.

"सिरॅमिक!"

इंद्रजितनं मागचे दोन कप्पे उघडून पाहिले. "पॉवर किती?"

"तीन हजार!"

इंद्रजितनं कप्पे हळूच बंद केले, तो सत्यशीलाबाईंकडे वळला आणि आवाज खाली आणून म्हणाला, "काकू, काकांले हे असं कधीपासून होऊन राह्यलं?"