सारं कंट्रोलमधी हाय

शेजारच्या इंगोलेकाकांच्या घरून कुठलाही पाहुणा मुकाट्याने निघू शकत नसे. पाहुण्याने चपला घातल्या की काका फाटकापाशी उभे राहत, नाक चिमटीत धरत आणि भोंग्यातून यावा तसा आवाज काढत, "प्रवाशांनी लक्ष द्यावे. बडनेरा, मूर्तिजापूरमार्गे अकोल्याला जाणारे साडूभाऊ फाटकावर लागलेले आहेत." पाहुणे हसत. मग काका मनगटावरचं घड्याळ बघत, हात वर करत आणि म्हणत, "सोडा." त्यानंतर 'अरे, पिशवी राहिली' म्हणून परत यायची सोय नव्हती. राहिलेली पिशवी शांताकाकू मागच्या दाराने धावत जाऊन कोपऱ्यावर नेऊन देत.

काका एस.टी.त कंट्रोलर होते. म्हणजे स्टँडवरच्या खिडकीत बसायचं, गाड्या पुकारायच्या आणि वेळ झाली की हात वर करून सोडायच्या. निवृत्त झाल्यावर ते अमरावतीला, आमच्या राजापेठेत राहायला आले, पण ती खिडकी सोबत घेऊनच. दूधवाला, भाजीची गाडी, शिकवणीला जाणाऱ्या पोरींच्या स्कूटी, सगळ्यांच्या वेळा ते ओसरीवर बसून बघत. दूधवाल्याचं तर रोज ठरलेलं. "काहून बे, आज लेट?" तो बिचारा सायकलीवरूनच हात जोडायचा.

मी कॉलेजात इंग्रजी शिकवतो. 'कंट्रोल' या क्रियापदाचे अर्थ शब्दकोशात फार तर अर्ध्या रकान्यात मावतात. काकांना तेवढे पुरत नसत. रेशनचा गहू कंट्रोलचा, हे तर सगळं वऱ्हाड म्हणतं. पण टीव्हीचा रिमोट म्हणजेही कंट्रोल. कुकरची शिट्टी झाली की, "कंट्रोल कर व," म्हणजे गॅस बारीक कर. लग्नाच्या पंगतीत पुन्हा जिलेबी मागणाऱ्याला, "भाऊ, कंट्रोल." मयतीला गेले की रडणाऱ्याच्या पाठीवर हात ठेवून तोच शब्द, फक्त हळू आवाजात. आणि कुणी तब्येत विचारली, पाऊसपाणी विचारलं, काहीही विचारलं तरी उत्तर एकच, "सारं कंट्रोलमधी हाय."

एकदा मी म्हटलं, "काका, खुद्द इंग्रजांनी हा शब्द एवढा राबवला नाही हो."

"त्याइच्याइथं एस्टी नोयती ना, सर," काका म्हणाले.

त्यांचा सगळ्यात मोठा अभिमान म्हणजे त्यांनी आयुष्यात कोणासाठी गाडी थांबवली नव्हती. "आमदार धावत आला तरी सोडली," हे ते इतक्यांदा सांगत की मला त्या आमदाराची दया यायला लागली होती. खरं सांगायचं तर या अभिमानाचा मला कंटाळा यायचा, रागही यायचा. गाडी वेळेवर सुटली यात माणसाने किती दिवस फुगायचं?

एक गाडी मात्र ते कधी सांगत नसत. ती काकूंनी माझ्या बायकोला सांगितली.

ज्योती ही त्यांची एकुलती एक मुलगी. अकोल्याच्या एका मुलावर तिचं मन बसलं. मुलगा चांगला होता, जात वेगळी होती. काकांचे थोरले भाऊ, हिवरखेडचे दादा, यांनी फर्मान काढलं की ती त्या घरात गेली तर आपल्याला मेली. काका ना हो म्हणाले, ना नाही. तेव्हा ते मूर्तिजापूरच्या स्टँडवर होते. एका सकाळी ज्योती पिशवी घेऊन तिथेच आली आणि अकोल्याच्या गाडीत बसली. बापाच्या खिडकीसमोरच्या जागेवर बसली. दोघांनी एकमेकांना पाहिलं. काकांनी गाडी पुकारली. वेळ झाली. काकांनी हात वर केला.

"एक मिनिट थांबवली असती तं पोरगी उतरली असती, बाई," काकू म्हणाल्या. "ते याइचीच वाट पाहून राह्यली होती. आतातरी येऊन काई बोलतीन म्हनून."

त्यानंतर त्या घरात ज्योतीचं नाव निघालं नाही. काकू आमच्या स्वयंपाकघरात येऊन तिला चोरून फोन करत आणि डोळे पुसून घरी जात. मी एकदा काकांजवळ विषय काढून पाहिला. "माह्या कंट्रोलबाह्यरची गोष्ट हाय ते," एवढं बोलून ते उठून गेले. पण मी कामासाठी अकोल्याला जाऊन आलो की ओसरीवरून हटकून विचारत, "अकोल्याची गाडी टायमावर होती ना? गर्दी होती काय?" यवतमाळच्या, नागपूरच्या गाडीची चौकशी त्यांनी कधी केली नाही. मला वाटायचं, जुनी सवय.

गेल्या हिवाळ्यात एका सकाळी चहा गाळता गाळता काकू गेल्या. डॉक्टर येऊन मान हलवून गेले. गल्ली जमली. काका ओसरीवर ताठ बसून येईल त्याला सांगत होते, "सारं कंट्रोलमधी हाय." रडणाऱ्या बायांना म्हणत होते, "कंट्रोल, माय, कंट्रोल." ते ऐकवत नव्हतं.

दुपारी हिवरखेडहून दादा आले आणि त्यांनी सगळा कारभार हाती घेतला. हिवाळ्याचा दिवस लवकर बुडतो, चारला उचलायचं, असं ठरवून टाकलं. काकांनी मला खुणेने बाजूला बोलावलं.

"सर, एक फोन लावा."

त्यांनी आकडे सांगितले. कुठे पाहून नाही, कुठे अडखळून नाही. पलीकडून ज्योतीचा आवाज आला. मी फोन त्यांच्यापुढे धरला, तर ते दोन पावलं मागे सरकले. "तुमीच सांगा," म्हणाले.

चार वाजले. तिरडी बांधून तयार होती. दादा म्हणाले, "चला, उचला."

काका फाटकात जाऊन आडवे उभे राहिले. "थांबा."

"कोनासाठी?"

"अकोल्याची सवारी बाकी हाय."

दादांना कळायचं ते कळलं. "नारायण, ते पोरगी या घरची नाई."

"दादा, तुमी मोठे. आजलोक तुमचा शब्द मोडला नाई." काकांनी फाटकाची कडी लावली. "पन कंट्रोलर मी हावो. मी हात वर केल्याबिगर सुटत नाई."

कोणी हसलं नाही. काकांनी मनगटावरचं घड्याळ सोडलं आणि खिशात टाकलं. दादा तणतणत आमच्या अंगणातल्या खुर्चीवर जाऊन बसले. थोडी माणसं कुजबुजत निघून गेली. काका मधूनमधून मला विचारत, "कुठं आली?" मी सांगत होतो, मूर्तिजापूर सोडलं, आता बडनेऱ्याच्या अलीकडे रस्ता जाम आहे. ते मान हलवत आणि पुन्हा रस्त्याकडे पाहत. उन्हं समोरच्या शिकवणीच्या पाटीमागे गेली.

दिवस बुडता बुडता कोपऱ्यावर ऑटो थांबला. ज्योती धावत आली आणि फाटकाशी एकदम थबकली. आत यावं की नाही, तिला कळेना. केस पांढरे व्हायला लागले होते तिचे.

"बाबा, उशीर झाला. लई उशीर झाला मले."

काकांनी तिच्या खांद्यावरची पिशवी काढून आपल्या हातात घेतली.

"नाई व, माय," ते म्हणाले. "गाडी टायमावरच हाय. जा आत. माय वाट पाहून राह्यली."

ती आत गेली. आतून तिचा हंबरडा ऐकू आला तसे काका फाटकाचा खांब धरून लहान मुलासारखे रडायला लागले. त्यांना 'कंट्रोल' म्हणायची कोणाची छाती झाली नाही. कोणीतरी ओसरीवरचा दिवा लावला. पिशवी काकांनी तशीच छातीशी धरून ठेवली होती. हात काही वर होत नव्हता, आणि दादांसकट आम्ही सगळे थांबून राहिलो.