नाकाडेंचं नाक आणि गोदामाची किल्ली

"माझी परीक्षा घेणार? अहो, परीक्षा त्या ड्रमांची घ्या. माझ्यापासून आपलं नाव लपवून दाखवावं एकाने तरी!" नाकाडे म्हणाले, आणि कॅन्टीनच्या बाकांवरून त्यांनी अशी नजर फिरवली की निकाल लागून पेढेच काय ते वाटायचे राहिलेत.

नाकाडे हे त्यांचं आडनाव नव्हे. रंगाच्या त्या कारखान्याने दिलेली ती पदवी होती. रसायनांच्या गोदामाची किल्ली इतकी वर्षं त्यांच्या कमरेला होती, आणि इतकी वर्षं त्यांची पद्धत एकच. झाकण जरासं उचलायचं, नाक पुढे करायचं, डोळे मिटायचे आणि निकाल सांगायचा. कोणतं अ‍ॅसिड, कोणता थिनर, एवढंच नाही, तर झाकणाला शेवटचा हात लावणाऱ्याने जेवणात कच्चा कांदा खाल्ला होता का, हेसुद्धा ते सांगत. लेबल वाचणं त्यांना कमीपणाचं वाटे. ज्यांना देवाने धड नाक दिलं नाही, त्यांच्यासाठी लेबलं असतात असं त्यांचं मत होतं.

पण नवा नियम आला. घातक पदार्थ हाताळण्याचं सर्टिफिकेट असेल त्याच्याच हाती यापुढे गोदामाची किल्ली. आठवडाभराचा वर्ग, शेवटी प्रात्यक्षिक. नाकाडे नापास झाले तर किल्ली पॅकिंगच्या सुपरवायझरकडे जाणार होती आणि नाकाडे पॅकिंगमध्ये खोकी मोजत बसणार होते. रात्री उशाशी किल्ली ठेवून झोपणारा माणूस या विचाराने आता ती मुठीत धरून झोपू लागला. त्यात सुपरवायझरने नवी कीचेन विकत घेऊन ठेवल्याची बातमी होती.

पहिल्याच तासाला घात झाला. परीक्षक म्हणजे एक किडकिडीत गृहस्थ. शर्टाची इस्त्री अशी की घडीवर भाजी चिरावी. त्यांनी पडद्यावर पहिलंच चित्र दाखवलं ते ड्रमवर वाकून वास घेणाऱ्या माणसाचं, आणि त्या माणसावर भलीमोठी लाल फुली. सगळा वर्ग मागे वळून नाकाडेंकडे पाहायला लागला.

"वासाने पदार्थ ओळखायला जाणारा माणूस एकदाच चुकतो," परीक्षक म्हणाले. "प्रात्यक्षिकात ज्याचं नाक पदार्थाकडे गेलं, तो तिथल्या तिथे नापास."

नाकाडेंना लेखी पेपरची धास्ती नव्हती. पाठांतर ते करणारच होते. पण नाकाला कोण समजावणार? जेवणाची सुट्टी होईपर्यंत ते डिंकाच्या बाटलीत जाऊन आलं होतं, फळ्यावर लिहायच्या पेनाच्या टोपणात जाऊन आलं होतं, आणि एकदा तर शेजारी बसलेल्या फोरमनच्या डोक्याच्या तेलापर्यंत पोहोचलं होतं. संध्याकाळी ते पडलेल्या चेहऱ्याने घरी आले आणि बायकोला म्हणाले, आपलं काही खरं नाही.

बायको शाळेत पीटीची शिक्षिका होती. निवृत्त झाली होती, पण ते फक्त शाळेला माहीत होतं. तिने सगळं शांतपणे ऐकून घेतलं, कपाटाच्या वरच्या खणातून आपली जुनी शिट्टी काढली, पदराने पुसली आणि गळ्यात अडकवली.

"सवयच आहे ना? मोडू," ती म्हणाली. "शिट्टी वाजली की जागच्या जागी थांबायचं. दोन्ही हात मागे. मी 'चालू द्या' म्हणेपर्यंत हलायचं नाही."

त्या संध्याकाळपासून घराचं मैदान झालं. चहाच्या कपावर नाक गेलं की शिट्टी. साबणाची नवी वडी हुंगली की शिट्टी. धुतलेला टॉवेल तोंडावर जरा जास्त वेळ राहिला तरी शिट्टी. खालच्या मजल्यावरचे गृहस्थ, मॅच कुठे चाललीय, असं विचारून गेले. थोरल्या मुलीने कानात कापूस घातला. आणि नाकाडे बिचारे हात मागे बांधून स्वयंपाकघरात, जिन्यात, न्हाणीघराच्या दाराशी, जिथे शिट्टी गाठेल तिथे उभे राहू लागले.

तीनचार दिवसांत गुण आला. जरा जास्तच आला. गॅसवर दूध ठेवलेलं होतं, शेजारी नाकाडे वर्गात मिळालेलं पुस्तक पाठ करत बसले होते, आणि दूध उतून, आटून, करपून पातेलं पार काळं झालं. मुलगी नाकाला रुमाल लावून धावत आली.

"बाबा, वास येत नाही तुम्हाला?"

"येतो ना. पण ओळखायचा नाही."

बायकोने पातेलं घासायला टाकलं आणि अभिमानाने नवऱ्याकडे पाहिलं. पण एक गोष्ट दोघांच्याही लक्षात आली नव्हती. नाकाडेंचं शरीर आता कुणाच्याही शिट्टीला थांबायला लागलं होतं. चौकात ट्रॅफिकच्या हवालदाराने शिट्टी फुंकली, तेव्हा ते भर रस्त्यात हात मागे घेऊन उभे राहिले आणि दोन्हीकडची वाहनं त्यांना वळसा घालून गेली. नाकाडेंनी ते मनावर घेतलं नाही.

लेखी पेपर बिनबोभाट झाला. प्रात्यक्षिक गोदामासमोरच्या अंगणात होतं. परीक्षकांनी लाल रंगाच्या पाण्याने भरलेला ड्रम आडवा केला आणि जाहीर केलं की, समजा, हे अ‍ॅसिड सांडलं आहे. उमेदवार जोडीजोडीने पुढे येणार होते. पहिली जोडी नाकाडे आणि पॅकिंगचा सुपरवायझर. सुरुवातीची खूण वॉचमन देणार होता.

वॉचमनने शिट्टी वाजवली.

सुपरवायझर बाणासारखा सुटला. नाकाडे जागच्या जागी थांबले. दोन्ही हात मागे.

धाव, अरे धाव, असं ते मनातल्या मनात ओरडत होते. कमरेची किल्ली कुणीतरी ओढून नेतंय असं त्यांना वाटत होतं. पण पाय काही उचलेना. 'चालू द्या' कुणी म्हटलंच नव्हतं! तिकडे सुपरवायझर सरळ त्या लाल डबक्यात घुसला, घसरला, बसला, आणि जे शिंतोडे उडाले ते परीक्षकांच्या इस्त्रीच्या शर्टावर. एवढं होऊनही तो गडी हसला. "रंगाचं पाणीच आहे साहेब," असं म्हणत त्याने बोट नाकाला लावून खात्री करून घेतली.

परीक्षकांनी त्याच्या नावापुढे काट मारली आणि ते वैतागून नाकाडेंकडे वळले. "तुम्ही का उभे? चालू द्या!"

झालं! स्प्रिंग सुटावी तसे नाकाडे सुटले. हातमोजे, चष्मा, गमबूट. दोरी बांधून बघ्यांना त्यांनी मागे हटवलं, डबक्याभोवती वाळूचं कडं केलं. ड्रमजवळ जाऊन, नाक लांब ठेवून, आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी लेबल वाचलं, आणि तेही खड्या आवाजात. गडबड ऐकून मॅनेजर धावत आले, तर नाकाडेंनी त्यांनाही दोरीबाहेर उभं केलं. मग त्यांची नजर परीक्षकांच्या बाहीवरच्या लाल ठिपक्यांवर गेली.

पुस्तकातलं ते पान त्यांना तोंडपाठ होतं. अंगावर उडालं तर ताबडतोब शॉवरखाली, निदान पाव तास. बाधित व्यक्ती विरोध करील, तिचं ऐकू नये.

"अहो, मी समजा म्हटलं होतं! समजा!" परीक्षक ओरडत होते.

"समजलं साहेब, चला," म्हणत नाकाडेंनी त्यांना बखोटीला धरून गोदामाच्या दाराशी असलेल्या आणीबाणीच्या शॉवरखाली नेलं आणि साखळी ओढली.

पाव तास म्हणजे पाव तास. परीक्षकांनी पहिल्यांदा नोकरी घालवीन म्हणून दम दिला, मग विनवण्या केल्या, शेवटी डोळे मिटून घेतले. मॅनेजर दोरीबाहेर कपाळाला हात लावून उभे होते. आता खोकी मोजायची, हे नाकाडेंनी मनाशी पक्कं केलं. पण साखळी सोडली नाही.

ताडपत्री गुंडाळून स्टुलावर कुडकुडत बसलेल्या परीक्षकांनी आधी शर्टाच्या बाह्या पिळल्या. मग म्हणाले, "इशारा झाला की सगळे धावतात. पहिला नियम काय? थांबा. इतक्या वर्षांत खरोखर थांबलेला माणूस मी आज पाहिला." त्यांना शिंक आली. "आणि ते बाधिताचं ऐकू नये, ते वाक्य मीच लिहिलंय. पास."

अंगणात टाळ्यांचा कडकडाट झाला. आपण का थांबलो, हे नाकाडेंनी कुणालाही सांगितलं नाही.

सर्टिफिकेट वाटपाला घरच्यांनाही बोलावलं होतं. परीक्षकांनी जरा अंतर राखूनच नाकाडेंच्या हाती सर्टिफिकेट दिलं, मॅनेजरनी समारंभापुरती मागून घेतलेली किल्ली परत दिली, आणि सुपरवायझरने, दिलदार माणूस, आपली नवी कीचेन स्वतः तिच्यात अडकवून दिली. नाकाडे माइकपुढे उभे राहिले.

"मित्रहो, आजपासून हे नाक फक्त चष्मा ठेवण्यापुरतं," ते म्हणाले. हॉल टाळ्यांनी दुमदुमला. त्या आनंदात त्यांनी सर्टिफिकेट वर उचललं, नाकाजवळ आणलं, डोळे मिटले आणि माइकमध्ये म्हणाले, "हं. लॅमिनेशन कालचं आहे."

तिसऱ्या रांगेतून शिट्टी वाजली.

नाकाडेंचे दोन्ही हात मागे गेले. आणि त्यांच्या शेजारी उभ्या असलेल्या परीक्षकांनी, काही कळायच्या आत, हातातली फाइल डोक्यावर धरली.