दक्षिणेच्या खिडकीतील कूलरबाबत

कोणतेही काम टाळण्यासाठी आधी ते करायचे पक्के ठरवावे लागते. ज्याने काही ठरवलेच नाही तो नुसता आळशी. चालढकल ही कर्तव्यदक्ष माणसाची विद्या आहे. प्रस्तुत लेखक (रविंद्र, राहणार नंदनवन, नागपूर) या विद्येत चार हिवाळ्यांचा अनुभव राखून आहे.

विषय आमच्या कूलरचा. नागपुरात कूलर मार्चमध्ये खिडकीला लागतो आणि पावसाळा सरला की उतरतो. आमचा लागतो. हिवाळ्यात ऊन याच एका खिडकीतून घरात येते, म्हणजे आले असते. खिडकीशी माझ्या आईची, इंदुताईंची, खुर्ची आहे. थंडीत तिचे गुडघे धरतात आणि तिसऱ्या मजल्यावरून खाली उन्हात जाणे तिला जमत नाही.

"रवी, कूलर काढून टाक नं गा. ऊन तरी येईन," ती दर ऑक्टोबरात म्हणते.

"दिवाळी झाली की काढतो, माय."

दिवाळीनंतर लग्नसराई असते. डिसेंबरात विधिमंडळाचे अधिवेशन असते (माझा संबंध नाही, पण शहरात वातावरण गंभीर असते). जानेवारीत पतंगांचा मांजा असल्याने खिडकीबाहेर हात काढणे धोक्याचे. फेब्रुवारीत मी म्हणतो, "आता काय काढायचा? महिन्याभरात परत लावायचाच आहे." या युक्तिवादाला घरात आजवर कुणालाही उत्तर देता आलेले नाही.

यंदा मात्र मी समस्येच्या मुळाशी जाण्यासाठी एकसदस्यीय समिती नेमली. समितीने चालढकलीवरची तीन पुस्तके आणली (वाचन प्रलंबित) आणि एक्केचाळीस व्हिडिओ पाहिले. मोठ्या कामाचे लहान तुकडे करावेत, असे तज्ज्ञांचे मत पडले. मी सतरा केले. 'पाना शोधणे' हा पहिला. त्यांचा तीन रंगांतला तक्ता कूलरवरच चिकटवला.

"तक्ता बनवून राहिले तेवढ्यात दोन कूलर निघाले असते," बायको मयुरा म्हणाली. हे निरीक्षण परिशिष्टात घेतले आहे.

नोव्हेंबरअखेर आई आठ दिवसांसाठी पारशिवनीला माझ्या बहिणीकडे गेली. पायलच्या घराला अंगण आहे. आठाचे बावीस दिवस झाले. संध्याकाळी कामावरून आलो की ती रिकामी खुर्ची आधी दिसायची, आणि मला करमेना.

एका रविवारी शेजारच्या धम्मदीपभाऊंनी एका बाजूने धरले आणि कूलर उतरला. लागलेला वेळ बावीस मिनिटे, त्यातली नऊ पाना शोधण्यात. ऊन थेट खुर्चीवर आले. मी लगेच फोन लावला.

"कूलर काढला वं माय! ये आता."

"काढला का? बरं झालं." तिच्या आवाजात जरासुद्धा राग नव्हता. "येईन गा. संक्रांत झाली की पाहीन. नाहीतर राहू दे. मंग महिन्याभरात तुले परत लावायचाच हाय."

हा युक्तिवादही परिशिष्टात घेतला आहे.

समितीचा निष्कर्ष: चालढकल पूर्ण बरी होते, फक्त वेळेवर होत नाही. इथवर आलेल्या वाचकांपैकी शंभर टक्के लोकांना (नमुना: तुम्ही) घरातला एखादा कूलर आठवला आहे आणि तो उद्या उतरवायचे त्यांनी आत्ताच पक्के ठरवले आहे. त्यांनी कृपया पहिले वाक्य पुन्हा वाचावे.