मगदूमांची खुर्ची

मगदूम रोज सकाळी सायकलच्या कॅरियरला लाकडी खुर्ची बांधून विद्यापीठात येत आणि संध्याकाळी तीच खुर्ची बांधून घरी नेत. खुर्ची उताणी, चारी पाय आभाळाकडे. सागरमाळाचा चढ चढताना मागून बघणाऱ्याला वाटे, कुणाची तरी मेलेली म्हैस शिकायला निघालीय. समोरून येणारे ट्रकवाले आदरानं गाडी बाजूला घेत. लग्नसराईत लोक त्यांना रस्त्यात अडवत.

"पावणं, मांडवाला खुर्च्या मिळतील व्हय?"

"एकच हाय," मगदूम सायकलवरून न उतरता म्हणत, "आन् तिच्यावर मी बसतोय."

ती खुर्ची इतकी फिरली होती की एसटीनं तिला पास द्यायला हरकत नव्हती.

आता हा माणूस खुर्ची घरी का नेतो, असं तुम्ही विचाराल. सगळं कोल्हापूर विचारायचं. मगदूम प्राणिशास्त्र विभागात पीएचडीचं संशोधन करत. त्यांचे मार्गदर्शक निवृत्त होऊन पुण्याला गेले आणि आठवड्याच्या आत मगदूमांच्या बुडाखालची खुर्ची काढून घेतली गेली. त्यांनी घरची आणली आणि भाबडेपणानं तिथंच ठेवली. वर्षाची मोजणी करत डेड स्टॉकवाले आले. जे हलत नाही त्याच्यावर नंबर टाकायचा, एवढंच त्यांना ठाऊक. त्या दिवशी एक म्हातारे प्राध्यापक डुलकी घेता घेता थोडक्यात वाचले म्हणतात. खुर्ची वाचली नाही. तिच्या पाठीवर पांढऱ्या रंगानं नंबर पडला, आणि नंबर पडला की वस्तू विद्यापीठाची. दोन दिवसांनी ती परीक्षा विभागात एका हेडक्लार्कच्या खाली सापडली.

"ही आमच्या आईच्या लग्नातली खुर्ची हाय," मगदूम म्हणाले.

"आईचा नंबर आहे का हिच्यावर?" हेडक्लार्क न उठता म्हणाला.

तेव्हापासून मगदूम दुसरी खुर्ची आणत, पण मुक्कामाला ठेवत नसत.

मगदूम मूळचे नृसिंहवाडीच्या अलीकडच्या एका गावचे, जैन शेतकऱ्याच्या घरातले; आता बिऱ्हाड कोल्हापुरात. प्राणिशास्त्र म्हणजे मुख्यतः बेडूक कापणं. मगदूमांनी पहिल्याच दिवशी ट्रेमध्ये टाचण्या टोचून झोपवलेला बेडूक बघितला आणि त्याला हात जोडले. "सर," ते मार्गदर्शकांना म्हणाले, "ह्यो जित्ता असताना काय म्हणत हुता, तेवढं मी शोधतो." त्यातून त्यांचा विषय ठरला: चंदगड तालुक्यातल्या बेडकांचे आवाज.

चंदगडचा पाऊस असा, की तिथले बेडूकसुद्धा आडोसा शोधतात. ते ओरडायला लागतात दिवस मावळल्यावर, आणि मगदूम दिवस मावळल्यावर अन्नाला शिवत नसत. त्यामुळं हा माणूस भाताच्या खाचरात गुडघाभर पाण्यात, उपाशीपोटी, उसन्या टेपरेकॉर्डरवर छत्री धरून उभा. स्वतः भिजत. असे पावसाळ्यामागून पावसाळे गेले. शेवटी त्यांना सगळे आवाज तोंडानं काढता यायला लागले. एकदा त्यांनी व्हरांड्यात असा काही आवाज काढला, की बागेतली धामण जेवण तयार आहे असं समजून विभागाच्या पायरीपर्यंत आली. मी धामण पाहिली नाही. पण विभागाचे शिपाई दस्तगीरमामा शपथेवर सांगत, की ती त्यांच्या चपलेवरून गेली. ती चप्पल मी पाहिली आहे.

मी तेव्हा विद्यापीठाच्या कचेरीत तात्पुरता लागलो होतो. एके दिवशी वरच्यांच्या मनात आलं, की आपले संशोधक कोणत्या स्थितीत काम करतात, त्यांची पुढं प्रगती कशी होईल, हे त्यांनाच विचारून एक पाहणी करावी. हे इतक्या वर्षांत कुणाला सुचलं नव्हतं, आणि सुचलं तेव्हा हिंडायला मीच मोकळा होतो. प्राणिशास्त्र विभागात शिरलो, तर सगळे संशोधक चहाला गेलेले.

"एक हाय की जाग्यावर," दस्तगीरमामा म्हणाले आणि मला जिन्याखाली, दोन कपाटांच्या मागं घेऊन गेले.

तिथं मगदूम बसले होते. मला बघून ताडकन उठले, खुर्ची पुसली आणि माझ्याकडं सरकवली. खुर्ची एकच.

"तुम्ही बसा," मी म्हटलं.

"न्हाय. इचारणारानं बसावं. उभ्यानं इचारलं की पोलीस आल्यागत वाटतंय."

मी बसलो. ते कपाटाला टेकून, तोंडी परीक्षेला आल्यासारखे उभे राहिले.

"उजेड कसा आहे?"

"उत्तम लिवा. दुपारपतूर दारातनं येतोय. मग दुसऱ्याच्या दारातनं येतोय."

"पंखा?"

"उत्तम. शेजारच्या वर्गात हाय. आवाज येतोय की."

"मार्गदर्शकांशी संपर्क?"

"उत्तम. पुण्याला असत्यात. मी पत्र धाडतो."

"उत्तर येतं?"

"पत्र परत येत न्हाय. म्हंजे पोचत असंल."

असं सगळं उत्तम चाललं होतं. छताची गळती उत्तम, ग्रंथालय उत्तम, गळतीनं भिजलेल्या टेपा तर अतिउत्तम. मग मी शेवटचं विचारलं, "पुढच्या प्रगतीसाठी विद्यापीठाकडून काय अपेक्षा आहे?"

मगदूमांनी जिन्यावरून धडधडत येणारी पोरं आधी खाली जाऊ दिली.

"एक खुर्ची पायजे," ते म्हणाले. "नंबर टाकलेली. सकाळी आलो की हितंच असावी. मग मीबी हितलाच हाय, असं हुईल."

मग घाईघाईनं म्हणाले, "बाकी उत्तम हाय. एवढंच लिवा."

त्यानंतर ते रोज संध्याकाळी घरी जाताना आमच्या खिडकीखाली सायकल थांबवत. "गेलं का वर?" एवढंच विचारत. मागं खुर्चीचे चार पाय. मी म्हणे, "जाणार." ते म्हणत, "उत्तम."

वर जाण्याआधी पाहणीचे कागद आमच्या साहेबांकडं गेले. साहेबांनी चष्मा कपाळावर चढवला.

"मगदूम कोण? नोंदणी केव्हाच संपलीय त्यांची. मार्गदर्शक नाही, यादीत नाव नाही. तिथं करतात काय मग?"

"संशोधन."

"यादीत नसताना?" विनातिकीट प्रवासी पकडावा तसा त्यांचा आवाज होता.

"साहेब, सगळ्यांत वाईट हाल त्यांचेच आहेत."

"म्हणूनच म्हणतो," साहेब म्हणाले, "सरासरी बिघडते."

मी वाद घातला. तात्पुरत्या माणसाला जेवढा झेपतो तेवढा, म्हणजे दार उघडं असेपर्यंत. मगदूमांचं नाव पाहणीतून गेलं आणि त्याच्याबरोबर त्यांची खुर्चीही गेली. संशोधकांची परिस्थिती एकंदर समाधानकारक निघाली. माझं काम संपलं तशी माझी नेमणूकही संपली.

जाण्याआधी मगदूमांना सांगायला हवं होतं. त्यांना फाटकातच गाठायचं ठरवून मी सकाळी उभा राहिलो. लांबून सायकल चढावर दिसली. मगदूम उतरून ढकलत येत होते, कारण ओझं वाढलं होतं. कॅरियरवर आठ पाय होते.

"त्या दिवशी तुमी बसला आन् मी हुबा," जवळ येऊन ते धापा टाकत म्हणाले. "तुमी मलाच बसा म्हणत हुता. पावण्याला अवघडल्यावानी झालं. म्हणून दुसरी आणली."

"मगदूम, ते पाहणीचं..."

"ठावं हाय. दस्तगीरनं सांगितलं. सायबांच्या केबिनीभाईर टपाल घिऊन तोच उभा हुता." त्यांनी दोरीची गाठ चाचपली. "ही खुर्ची काय पाहणीसाठी न्हाय ओ. इतकी वर्सं झाली, कुणी बसून इचारलं नव्हतं. आता काय इचारायचं ऱ्हायलं नसंल, तर नुसतं बसा."

मी गेलो. जिन्याखाली आम्ही समोरासमोर बसलो. मला विचारायला काही सुचेना, म्हणून चंदगडचे बेडूक काय म्हणतात ते विचारलं. त्यांनी एक आवाज काढून दाखवला. बारीक, थांबून थांबून येणारा. प्रत्येक आवाजानंतर ते कान देऊन थांबत होते.

पुढं मला शिरोलीच्या एका कारखान्यात नोकरी लागली आणि तिकडं जाणं झालं नाही. बऱ्याच दिवसांनी एसटी स्टँडवर दस्तगीरमामा भेटले. मगदूम येतात का, विचारलं.

"येत्यात की."

"अजूनही दोन खुर्च्या आणतात?"

"दोन आणत्यात," मामा म्हणाले. त्यांची गाडी लागली होती, ते पिशवी उचलून निघाले. "एकीवर बसत्यात. दुसरी पुसत्यात."