टिळेकरकाकांची जॅझची दालनं

टिळेकरकाकांची वेबसाइट दर सोमवारी बंद असते.

सर्व्हरचा दोष नाही. ती सोमवारी बंद राहील अशी सोय मी स्वतः, माझ्या या दोन हातांनी, काकांच्या हुकमावरून केली आहे. "म्युझियमं सोमवारी बंद असतात," काका म्हणाले. मी म्हटलं, "अहो काका, ती साफसफाईसाठी. वेबसाइटवर कुठे धूळ बसते?" "तुला दिसत नाही," काका म्हणाले. आणि सोमवारी ते खरोखर साफसफाई करतात. एकेक पान उघडून ओळ न् ओळ वाचतात, आणि मंगळवारी सकाळी, मी नेमकी ऑफिसच्या मीटिंगमध्ये असताना, चुकांची यादी घेऊन फोन करतात. एकदा ऑस्ट्रेलियातून एका गृहस्थांनी लिहिलं, "माझ्याकडे मंगळवार उजाडलाय, तुमचं दार अजून बंद कसं?" काकांनी उलट टपाली कळवलं, "इमारत कॉव्हेंट्रीत आहे."

या इमारतीत आहे काय, तर अमेरिकेतल्या आफ्रिकन-अमेरिकन जॅझ वादकांचा इतिहास. पण तुम्हा-आम्हाला ज्यांची नावं निदान ऐकून ठाऊक असतात, असा एकही वादक तिथे सापडणार नाही. "त्यांना माझी गरज नाही," काका म्हणतात. त्यांना हवे असतात मागच्या रांगेतले. बॅंडच्या फोटोत डावीकडून पाचवा. रेकॉर्डच्या कव्हरवर ज्याचं नाव छापायला जागा उरली नाही तो. दिवसा पोस्टमन आणि शनिवारी ट्रम्पेट, असा एखादा. अशा एकेकासाठी काकांनी एकेक पान केलंय, आणि त्या पानाला 'पान' म्हटलं की ते ऐकू न आल्यासारखं करतात. 'दालन' म्हणावं लागतं. आजमितीस चाळीस दालनं आहेत. चाळीसही मी बांधली आहेत.

मी यात कशी अडकले? नऊ वर्षांपूर्वी नागपूरहून नवरा आणि दोन सुटकेसेस घेऊन इथे, इंग्लंडातल्या कॉव्हेंट्रीत आले, तेव्हा समोरच्या घरातून शशीकाकू वरण-भाताचा डबा घेऊन आल्या. दुसऱ्या दिवशी डबा परत द्यायला गेले आणि निघताना आपण सगळेच म्हणतो तसं म्हणाले, "काही मदत लागली तर सांगा हं काका." हे वाक्य उत्तराच्या अपेक्षेने कुणी बोलत नाही. काकांनी मात्र डायरी काढली. "तू सॉफ्टवेअरमध्ये ना? नोंद घेतो."

काका इथल्या एका मशीन टूलच्या कारखान्यातून क्वालिटी इन्स्पेक्टर म्हणून निवृत्त झाले. निवृत्त कारखान्यातून झाले, इन्स्पेक्शनमधून नाही. त्यांच्या लेखी जगात तीनच गोष्टी आहेत: पास, रिजेक्ट आणि रिवर्क. काकूंची आमटी गेली पन्नास वर्षं रिवर्कला जाते. कौन्सिलने कचऱ्याचे नवे बिन दिले तेव्हा झाकण नीट बसत नाही म्हणून काकांनी आमच्या सबंध गल्लीचे बिन मोजून तक्ता पाठवला होता. काकू म्हणतात, "बाहेरच्या माणसाचं जन्मगाव शोधायला सहा महिने घालवतील. माझा वाढदिवस विचारून बघ एखादे दिवशी."

सहा महिने हा काकूंचा मोठेपणा. बिडल नावाच्या एका बास वादकाचं जन्मगाव शोधायला काकांना दोन वर्षं लागली. मिसिसिपीतल्या एका छोट्या चर्चला ते दरमहा हाताने पत्र लिहायचे, की कृपया बाप्तिस्म्याची वही बघावी. चर्चच्या सेक्रेटरीबाई आधी दाद देईनात, मग वैतागल्या, मग त्यांनी वही शोधून काढली, आणि आता त्या दर ख्रिसमसला काका-काकूंना घरी केलेली बिस्किटं पाठवतात. ही बातमी काकांनी आमच्या मंडळाच्या गणेशोत्सवात फोडली. त्यांना 'माझा छंद' या विषयावर दहा मिनिटं दिली होती. पन्नास मिनिटं ते त्या बाप्तिस्म्याच्या वहीवर बोलले. आरती खोळंबली. मोदक थंड झाले. अध्यक्षांनी चिठ्ठी पाठवली, "कृपया आवरत घ्या," तर काकांनी ती वाचली, खिशातून पेन काढून 'आवरतं'वरचा राहून गेलेला अनुस्वार दिला आणि परत पाठवली.

पुढच्या वर्षी मंडळाने वक्त्यांची यादी करताना मला विचारलं, "तू त्यांच्या जवळची ना? काहीतरी कर." मी काय करणार! माझ्याच घरी ते रविवारी सकाळी सूक्ष्मदर्शक भिंग घेऊन येतात. एकदा एका क्लॅरिनेट वादकाचा फोटो घेऊन आले. "उलटा छापलाय," म्हणाले. "कोटाची बटणं बघ. बायकांच्या कोटासारखी आहेत. म्हणजे निगेटिव्ह उलटी." मी म्हटलं, "काका, कुणाच्या लक्षात येणार आहे?" काका क्षणभर माझ्याकडे असे बघत राहिले, जणू मीच रिजेक्टच्या खोक्यात पडले आहे. "तो आयुष्यभर उजवीकडे उभा राहिला," ते म्हणाले. "आपण त्याला डावीकडे नेऊन ठेवायचा?" फोटो उलटवला. मग मजकूर सरकला, तो जुळवला. पोहे गार झाले. नवरा सायकल काढून निघून गेला.

हे सगळं मी सांगतेय ते एवढ्याचसाठी, की ज्या माणसाला उत्तर देण्याची इतकी खाज, त्याने गेल्या फेब्रुवारीत एका पत्राला उत्तर द्यायचं टाळलं, तेव्हा मला काय वाटलं असेल ते कळावं.

वेबसाइटची टपालपेटी मी बघते. पत्र सेंट लुईसहून होतं. लोरेटा नावाच्या बाईंचं. वय सत्तर, शाळेतून निवृत्त. त्यांनी लिहिलं होतं, माझे वडील एझ्रा मॅकबी ट्रॉम्बोन वाजवत. मी लहान असताना ते एका बॅंडबरोबर युरोपला गेले आणि परत आले नाहीत. शेवटचा पत्ता कॉव्हेंट्रीचा होता. तुमचं प्रदर्शन पाहिलं. तुम्ही अशा लोकांना शोधता. माझ्या वडिलांबद्दल काही सापडेल का?

मी उड्याच मारल्या. मागच्या रांगेतला वादक, आणि तोही थेट कॉव्हेंट्रीत! आता काका पुढचा महिनाभर मला झोपू देणार नाहीत, हे दिसत असूनही मी पत्र छापून धावत समोर गेले. काकांनी ते वाचलं. घडी घातली. "ठेव तिथे," म्हणाले.

आठवडा गेला. मी विचारलं, "काय लिहू त्यांना?" तर म्हणाले, "वेळ नाही." वेळ नाही! हा माणूस सकाळी दोन तास कोटांची बटणं मोजतो! नवव्या दिवशी लोरेटाबाईंचं दुसरं पत्र आलं, फार विनयाने लिहिलेलं, की त्रास दिल्याबद्दल माफ करा. आता मात्र माझं डोकं फिरलं. ऑफिस सुटल्यावर तशीच कोट न काढता गेले. काका मागच्या कन्झर्व्हेटरीत, म्हणजे काचेच्या खोलीत, कॉम्प्युटर बंद करून नुसते बसले होते. काकू वाटाणे सोलत होत्या.

"काका, तुम्हाला जमत नसेल तर मी लिहिते. सापडत नाही असं तरी कळवू या. ती बाई सत्तर वर्षांची आहे."

"सापडत नाही असं नाही," काका म्हणाले.

"म्हणजे?"

"बस."

मी बसले. काका माझ्याकडे न बघता बोलायला लागले.

ते मिरजेहून इथे आले तेव्हा तेवीस वर्षांचे होते. लग्न व्हायचं होतं. एका बाईंच्या घरात वरच्या मजल्यावर खोली मिळाली, कारखान्यात रात्रपाळी. रात्री दहाला कामावर जायचं, म्हणून संध्याकाळी झोपायचं. आणि बरोबर साडेसहाला शेजारच्या खोलीत ट्रॉम्बोन सुरू व्हायचा. भिंत म्हणजे पुठ्ठा. शेजारी एक उंच काळा माणूस, पन्नाशीचा. जिन्यात भेटला की टोपी काढायचा. काका खाली बघून पुढे जायचे. त्याचं नाव त्यांना हॉलमधल्या टपालावरून कळलं होतं. अमेरिकन तिकिटं असायची पाकिटांवर.

"तीन महिने सहन केलं," काका म्हणाले. "मग घरमालकिणीला सांगितलं, एकतर तो नाही तर मी. माझा राग त्याच्यावर नव्हता गं. थंडी होती, झोप नव्हती, कुणी बोलायला नव्हतं. पण सांगितलं. त्या संध्याकाळी वाजलं नाही. दुसऱ्याही दिवशी नाही. रविवारी बघतो तर खोली रिकामी. जाताना तो मला एका शब्दाने बोलला नाही. टपाल येत राहिलं. मालकीण त्याच्यावर 'इथे राहत नाही' असं लिहून परत पाठवायची."

पुढे दोन वर्षांनी कारखान्यातल्या एका मित्राच्या घरी रेकॉर्ड लागली होती. काका चहा पीत होते, आणि कप हातातच राहिला. भिंतीपलीकडे आपण जे ऐकत होतो आणि ज्याला गोंगाट म्हणत होतो ते काय होतं, हे त्यांना तेव्हा कळलं. तिथून ते शोधायला लागले. एझ्रा मॅकबी मात्र पुढे कुठे गेला, याचा माग लागला नाही. शोधता शोधता बाकीचे सापडत गेले.

काकूंचं वाटाणे सोलणं थांबलं होतं. "पन्नास वर्षांत मला नाही सांगितलंत," त्या म्हणाल्या. रागाने नाही.

"काय सांगायचं?" काका म्हणाले. "आणि त्या बाईंना तरी काय लिहू? पुरावा काय? साक्षीदार एकच, आणि तोच तक्रार करणारा."

मी त्या दिवशी पहिल्यांदा त्यांच्याशी वाद घातला नाही. फक्त म्हटलं, "काका, मी फोन लावून देते. तुम्ही बोला."

शनिवारी दुपारी लावला. व्हिडिओवर लोरेटाबाई दिसल्या, पांढरे केस, जाड चष्मा, खास कानातले घालून बसलेल्या. त्या त्यांना 'मिस्टर टिलीकर' म्हणाल्या आणि काकांनी ते दुरुस्त केलं नाही. काकांनी कोट घातला होता. त्यांनी सगळं सांगितलं, इंग्रजीत, सावकाश, इन्स्पेक्शन रिपोर्ट वाचावा तसं, काहीही न गाळता. तक्रार, रिकामी खोली, परत गेलेली पत्रं. "ती पत्रं तुमची असावीत," म्हणाले. "मला क्षमा करा."

लोरेटाबाई पडद्याजवळ सरकल्या.

"थांबा," लोरेटाबाई म्हणाल्या. "ते वाजवत होते?"

"हो, मॅडम."

"रोज?"

"रोज. साडेसहा ते आठ. रविवारी दुपारीसुद्धा."

त्यांनी चष्मा काढला. "आम्हाला सांगितलं होतं की त्यांनी वाजवणं सोडलं. बॅंड मोडला, बाजा विकला, दारूत बुडाले. माझी आई तेच मानून गेली." मग पुन्हा, जणू काकांनी मघाशी नीट सांगितलं नसावं, "रोज, म्हणालात?"

"रोज," काका म्हणाले. "मोठ्याने."

लोरेटाबाई हसल्या. हसता हसता रडल्या, आणि काका कोटाच्या खिशात रुमाल शोधायला लागले, जणू तो त्यांना पडद्यातून देता येणार होता.

पुढे एझ्रा मॅकबीचं दालन झालं. त्यात लोरेटाबाईंकडचा एक फोटो आहे, परत आलेली दोन पाकिटं आहेत, आणि खाली काकांची जबानी आहे, त्यांच्या नावानिशी, तक्रारीसकट. मी म्हटलं होतं, तक्रारीचं वाक्य गाळू या. रिजेक्ट.

पण त्या शनिवारी फोन इतक्यात संपला नाही. लोरेटाबाईंनी विचारलं, "ते काय वाजवायचे, आठवतं का तुम्हाला?"

काकांनी माझ्याकडे पाहिलं. मग कन्झर्व्हेटरीच्या काचेकडे तोंड करून, मान ताठ ठेवून, त्यांनी गुणगुणायला सुरुवात केली. सूर सुटत होता. आवाज फाटत होता. एक ओळ वर चढायची, अर्ध्यावर थांबायची, पुन्हा पहिल्यापासून सुरू व्हायची. रियाझ करणारा माणूस जसा अडतो तशी, अडण्यासकट, पन्नास वर्षं तशीच ठेवलेली.

ते थांबले. लोरेटाबाई म्हणाल्या, "मला नाही ओळखता येत. मी तीन वर्षांची होते." मग म्हणाल्या, "पुन्हा म्हणाल?"

काकांनी पुन्हा सुरू केलं. काकू हळूच उठल्या, स्वयंपाकघरात गेल्या आणि शिट्टी व्हायच्या आत त्यांनी कुकरखालचा गॅस बंद केला.