पाळकांची मान आणि मेव्हणीचा गुडघा

सलग तीन रविवार पाळकांनी चर्चमध्ये रेकीविरुद्ध उपदेश केला आणि चौथ्या रविवारच्या आदल्या सकाळी, खालच्या कप्प्यातून बूट काढताना, त्यांची मान डावीकडे वळली ती तिथेच अडकली. हाडांचे डॉक्टर सोमवारपर्यंत परगावी. पाळकबाईंनी तासभर कळ काढली आणि मग धाकट्या बहिणीचं नाव काढलं. ती रेकी करायची, म्हणजे तळव्यांतून शक्ती देऊन दुखणी बरी करायची. उपदेशात तिचं नाव कधी आलं नव्हतं, पण ‘काही घरांतून’ असं म्हणताना पाळकांचा रोख कुणाच्या घराकडे असतो, हे अख्ख्या मंडळीला ठाऊक होतं.

पाळक अडून बसले. ही शक्ती कुठून येते, कुणाच्या नावाने येते, हे कळल्याशिवाय तिला दार उघडायचं नसतं, असं त्यांनी भिंतीला समजावलं. कारण बाई उजवीकडे उभ्या होत्या.

“तुम्ही तोवर प्रार्थना करा की,” बाई म्हणाल्या. “कुणाचं ऐकायचं ते देव ठरवेल.”

मेव्हणी आली. एकही टोमणा मारला नाही, हेच पाळकांना जास्त लागलं. तिने खुर्चीमागे उभं राहून मानेवर तळवे धरले. पाळकांनी तत्काळ मोठ्याने प्रार्थना सुरू केली, तीही स्वतःसाठी नाही. मान सुटलीच तर श्रेयाचा घोळ नको. त्यांनी मेव्हणीसाठीच प्रार्थना केली: प्रभो, या भगिनीची सर्व बंधनं तोड. वीस मिनिटं कुणीच माघार घेतली नाही.

मान होती तिथेच राहिली. मेव्हणी मात्र खाली वाकली, उठली, पुन्हा वाकली.

“भावोजी,” ती हळूच म्हणाली, “माझा गुडघा दुखायचा थांबला. सहा वर्षांनी.”

रविवारी पाळक व्यासपीठावर चढले. मान वळत नव्हती, त्यामुळे डावीकडचे बाक तेवढे दिसत होते. तिथे मेव्हणी बसली होती आणि तिच्यामागे तिचे नऊ रुग्ण. कुणी खांदा धरून, कुणी कंबर. रेकीवरचा चौथा उपदेश पाळकांनी खिशातच ठेवला आणि सहनशीलतेवर चार शब्द बोलून आटोपतं घेतलं.

उपासना संपताच पाळकांसमोर प्रार्थनेसाठी त्या नऊ जणांची रांग लागली. पाळकांनी मेव्हणीला बाजूला घेतलं.

“हे बघ, गुडघा आपोआपही बरा होतो. योगायोग असेल.”

मेव्हणीने रांगेकडे पाहिलं, कुणी ऐकलं नाही याची खात्री केली आणि आवाज खाली आणला.

“असं बोलू नये, भावोजी. थोडी तरी श्रद्धा ठेवा.”